जयसिंग सुताराला जामीन कोण?

मंडळी, ऐका! पूर्वरंग झाला, ज्यांना डुलकी काढायची होती त्यांची काढून झाली, आता जागे व्हा. एक प्रश्न विचारतो. देवळात बसलाय, समोर तो उभा आहे, तेव्हा उत्तर खरं द्या. सोपं काय? देणं, का घेणं?

घेणं म्हणता? सगळेच म्हणता? शेवंताकाकू तर हात वर करून म्हणताहेत. बरं! मग मला सांगा, तुमच्या घरी पाहुणा येतो, तुम्ही त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवता, तो काय म्हणतो? 'अहो नको, आत्ताच खाऊन निघालोय.' खोटं! एसटीत बसल्यापासनं त्याच्या पोटात पाण्याचा घोट नाही. तुम्ही म्हणता घ्या, तो म्हणतो नको. तुम्ही म्हणता थोडे तरी, तो म्हणतो तुम्हाला उगाच त्रास. घेणं इतकं सोपं असतं, तर आपल्याकडे पोहे गार झाले असते का?

आणि लग्नातला तो ब्लाउजपीस! तुमच्याकडनं पाटलांकडे, पाटलांकडनं गुरवांकडे, गुरवांकडनं माळ्यांकडे, आणि लग्नसराई हिंडून पुन्हा तुमच्याकडे. घडी मोडलेली नाही. कुणी शिवलाच नाही. का? कारण घेतलं की दुसऱ्याचं आपल्याकडे राहून जातं, आणि राहून गेलेलं आपल्याला सोसत नाही. लगेच परत करायचं. फिट्टंफाट!

कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानायला उभा राहतो, तो काय म्हणतो? 'मी आभार मानून मोकळा होणार नाही, आपल्या ऋणातच राहणं पसंत करीन.' टाळ्या! आणि घरी गेल्यावर बायकोला सांगतो, त्यांच्याकडे एक शाल-नारळ पाठवून दे, विषय मिटव. ऋणात राहणं ही नुसती माइकवर बोलायची गोष्ट झालीय. खरोखरीचा राहणारा माणूस मला आजवर एकच भेटला, आणि तो भेटायला मला जपानात जावं लागलं.

हसू नका! मी जपानात जाऊन आलोय. हेच धोतर नेसून. तिकडच्या मराठी मंडळानं गणपतीत कीर्तन ठेवलं होतं. विमानतळावरच्या माणसानं आमच्या बाळूचा तबला उलटासुलटा करून बघितला, कानाशी नेऊन हलवला, आणि शेवटी खुणेनं म्हणाला, वाजवून दाखव. बाळूनं तिथंच उभ्या उभ्या एक तुकडा लावला. त्यावर तो माणूस कमरेत वाकला. इथं तीस वर्षं वाजवतोय, तुमच्यापैकी कुणी वाकलंय का बाळूपुढे? मग बाळू तिथनं यायला तयार नव्हता, यात त्याची काय चूक?

तर आमचा मुक्काम होता जयसिंग सुताराकडे. जयसिंग आपल्याच बाजूचा, शिरोळकडचा. वडील सुतारकाम करायचे. यानं डिप्लोमा केला आणि साच्यांच्या कामात पडला. आता साचा म्हणजे काय? प्लॅस्टिकची बादली घ्या, गाडीच्या दिव्याची काच घ्या, हे सगळं लोखंडी साच्यात तयार होतं. तो साचा आतनं घासून घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा, हे जयसिंगचं काम. हाताला कसब होतं. जपानातल्या एका लहानशा कारखान्यानं बोलावून घेतलं, कुशल कामगार म्हणून व्हिसा मिळाला, बायको सारिका बरोबर गेली. तिथंच त्यांना मुलगी झाली, शरयू.

पण व्हिसा म्हणजे तात्पुरती परवानगी. नोकरी आहे तोवर राहा, नोकरी गेली की निघायची तयारी करा. मुदत संपत आली की पुन्हा कचेरी, पुन्हा रांग, पुन्हा धाकधूक. सारिका मला म्हणाली, बुवा, भिंतीला खिळा मारायचा झाला तरी आम्ही विचार करायचो, पुढच्या वर्षी इथं असू का नसू? त्यांच्या लग्नाच्या फोटोची कॅलेंडरएवढी मोठी फ्रेम, पण ती वर्षानुवर्षं कपाटाला टेकवून ठेवलेली. याच्यावर उपाय एकच, पीआर. म्हणजे कायमचं राहायचं कार्ड. ते हातात पडलं की नोकरी गेली तरी तुम्हाला कुणी घालवत नाही. दुसरी शोधा, आरामात राहा. मात्र ते मिळायला साधारण दहा वर्षं सरळ वागून दाखवावं लागतं. कर वेळेवर, पेन्शनचा हप्ता वेळेवर, पोलिसाची शिट्टी एकदाही वाजता कामा नये.

आता तुम्हाला वाटलं असेल, बुवा इथंच वळणार. 'मंडळी, आपण सगळेच या जगात थोड्या दिवसांच्या व्हिसावर आलोय' असं म्हणणार. बघा, नानूनं तर पेटीवर करुण सूरसुद्धा धरला. सोड रे तो सूर! ते मी म्हणणार नाही. ते तुमचं तुम्हाला येतंय, चहाच्या टपरीवर रोज म्हणता. मला वेगळंच सांगायचंय.

जयसिंगच्या शेजारी राहायच्या ओकुदा नावाच्या एक आजी. एकट्याच. नवरा वारलेला, मुलगा टोकियोत. तिकडं नावापुढं 'सान' लावतात, आपण 'राव' लावतो तसं, फक्त तिकडं ते बायकांनाही चालतं. पण सारिका त्यांना पहिल्यापासनं आजीच म्हणायची, म्हणून आपणही आजीच म्हणू.

ही दोघं राहायला गेली त्याच आठवड्यात आजी दारात उभ्या! हातात काळा चकचकीत लाकडी डबा, झाकणावर सोनेरी बगळा, आत तांदळाच्या पिठाचे मऊ मऊ लाडू. डबा दिला आणि वाकल्या. हे दोघं वाकले. आजी पुन्हा वाकल्या, हे पुन्हा वाकले. आधी सरळ कोण होणार हे काही ठरेना, शेवटी जयसिंगची कंबर धरली तेव्हा तो कार्यक्रम संपला.

लाडू खाल्ले. आता डबा परत करायचा. बायकांनो, सांगा, आपण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करतो का? नाही! घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतो. सारिकेनं चिवडा केला, डबा भरला, देऊन आली. आपल्या रीतीनं विषय संपला.

पण तिकडची रीत अशी, की कुणाकडनं भेट आली तर उलट भेट गेलीच पाहिजे. नाही गेली तर तो उद्धटपणा! आता चिवडा म्हणजे काय? भेट. आठवड्याच्या आत आजी हजर. तोच डबा, आत साखरेत शिजवलेला घेवडा. आता डबा पुन्हा इकडे! भरलेला आला तो रिकामा कसा जाणार? बेसनाचे लाडू गेले. लाडू म्हणजे भेट! तिकडनं मुळ्याचं लोणचं आलं. इकडनं सांज्याच्या पोळ्या गेल्या. आली का गंमत लक्षात? दोन्ही घरं सभ्य, दोन्ही घरं आपापल्या रीतीला धरून, कुणाचं म्हणून काही चुकत नाही. आणि थांबायचा रस्ता कुणाकडेच नाही!

वर्ष गेलं, दुसरं गेलं, डबा काही बसायला तयार नाही. एका संकष्टीला सारिका उपास सोडायला बसली, ताटात मोदक, आणि शेजारनं डबा आला. उघडला, तर आत सुकी मासळी, डोळ्यांसकट! ती मासळी मोदकाकडे बघतेय, मोदक मासळीकडे बघतोय. मी गेलो होतो तेव्हा सारिका मलाच म्हणाली, 'बुवा, काकी कापून देऊ का?' मी दचकलो. म्हटलं ही बाई इतकी शांत दिसते आणि हे काय! तर तिकडं एका केशरी फळाला काकी म्हणतात, आजींच्या झाडाची होती. गोड असते, खाल्ली मी.

एकदा सारिकेला ताप होता, तेव्हा डबा भरायची पाळी जयसिंगवर आली. कोल्हापूरकडचा गडी, त्याला दुसरं काय येणार? ठेचा केला. आजींनी तो मुरांब्यासारखा पावाला फासला. भिंतीपलीकडनं आधी खोकल्याचा आवाज आला, मग नळ सुटल्याचा आला, मग बराच वेळ कसलाच आवाज आला नाही. सारिका अंथरुणातनं म्हणाली, 'बघून या जरा, असतील ना?' दोन दिवसांनी आजी दारात, डबा भरलेला! वाकून म्हणाल्या, चव फार खोल होती. नाहीतर आपण! शेजारणीच्या आमटीत मीठ जास्त झालं तर सगळ्या गल्लीला कळतं.

पण दमली हो सारिका. नोकरी नाही तर काय झालं, लहान मूल, घर, आणि त्यात हा डबा. तिनं सासूबाईंना फोन करून विचारलं, की मी नुसता डबा धुऊन दिला तर चालेल का? सासूबाईंनी सांगितलं, आपल्या घरातनं कुणाचं भांडं रिकामं गेलेलं नाही, आणि परक्या मुलखात तर मुळीच जाता कामा नये. फोन ठेवला. सासूबाईंचं काय जातंय? त्या शिरोळात, मुळा खायचा हिनं!

अशी दहा वर्षं होत आली. पीआरचा अर्ज करायचे दिवस जवळ आले, घरात जरा उजाडल्यासारखं झालं. आणि नेमकं तेव्हाच कारखान्याच्या मालकानं सगळ्यांना बोलावून सांगितलं, माझं वय झालं, मुलांना यात रस नाही, वर्षअखेरीला कारखाना बंद करतोय. झालं! जयसिंगचा व्हिसा कशावर उभा? नोकरीवर. नोकरीच गेली आणि दुसरी पटकन मिळाली नाही, तर बाडबिस्तरा गुंडाळायचा. शरयू तिसरीत शिकतेय, तिच्या मैत्रिणी तिथल्या, तिचं लिहिणं-वाचणं सगळं जपानी. तिला इथं आणून बाराखडीपासनं बसवायचं? म्हणजे आता काय? नोकरी आहे तोवर अर्ज गेलाच पाहिजे, आणि तो मंजूर झालाच पाहिजे. त्या एका कार्डावर सगळा संसार येऊन थांबला.

हे डोक्यात घेऊन जयसिंग घरी आला. बघतो तर ओट्यावर काळा डबा, आत उकडलेला मुळा, आणि सारिका पिठात हात घालून बसलेली. डब्यात घालायला करंज्या चालल्या होत्या. त्याचं टाळकं सरकलं. म्हणाला, 'हितं माझी नोकरी चालली, आणि तू करंज्या तळत बसतीस? बास झालं आता ह्या डब्याचं.' सारिका तळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका आंघोळीला गेलेली बघून यानं काय करावं? डबा धुतला, पुसला, सायकलला अडकवला, आजींच्या दारात गेला आणि त्यांच्या हातात दिला. रिकामा! आजींनी घेतला, हाताला हलका लागला, त्यांनी याच्या तोंडाकडे बघितलं. मग वाकल्या. हा कसाबसा वाकला आणि सायकलवर टांग मारून पळाला.

संध्याकाळी सारिकेनं विचारलं, डबा कुठाय? म्हणाला, देऊन आलो. काय घालून दिलात? म्हणाला, काही नाही. मंडळी, तिनं वळून बघितलं. करंज्यांचं ताट तसंच ओट्यावर. म्हणाली, 'आपल्याला हितं कोण ओळखतं? ती एक म्हातारी ओळखत होती. आता तिला पण कळलं, आपण कसले आहोत ते.'

आठवडा गेला, दुसरा गेला. डबा आला नाही. सुटला म्हणायचं की नाही जयसिंग? पण कामावर जाताना आजींचं दार आलं, की सायकल आपोआप जोरात जायला लागली. मनाला लागलं होतं. ज्याच्यापुढे आपलं चुकलंय, त्याच्या दारावरनं आपण सगळेच जरा जोरात जातो. कुणाकडे बघून म्हणत नाही मी, तुम्ही एकमेकांकडे बघू नका.

इकडे अर्जाचं काम सुरू झालं. असले अर्ज करून देणारा एक जाणकार माणूस होता, त्यानं सगळं तपासलं. कर ठीक, पेन्शन ठीक, पोलिसांत नाव नाही. शेवटी विचारलं, तुमचा जामीन कोण?

आता जामीन म्हटलं की आपल्याला बँक आठवते. सख्खा मेहुणासुद्धा त्या दिवशी नेमका पुण्याला गेलेला असतो. पण हा जामीन तसला नव्हे. तिथल्या कुणीतरी एवढंच लिहून द्यायचं, की मी या माणसाला ओळखतो, हा नीट राहील, कायद्यानं वागेल, माझा शब्द आहे. देणारा तिथला नागरिक हवा, नाहीतर आधी पीआर मिळालेला तरी हवा. बस, एवढंच. पण एवढंच म्हणजे केवढं, ते मागायला गेल्यावर कळतं.

पहिल्यांदा मालकाकडे गेला. मालक भला माणूस. पण त्याच्या वडिलांनी कुणाचा तरी जामीन राहून राहतं घर घालवलं होतं, तेव्हापासनं त्या घरात हा शब्दच काढत नाहीत. आता जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. तो दातांतनं हवा आत ओढतो, सीऽऽ करतो, मान वाकडी करतो आणि म्हणतो, जरासं... आणि पुढं काही बोलतच नाही! आपण समजून उठायचं. जयसिंग उठला.

मग गेला आपल्या माणसाकडे. मराठी मंडळाचे अध्यक्ष, पीआर मिळून जुने झालेले. त्यांनी खांद्यावर हात टाकला, म्हणाले, अरे यात काय विचारायचं, बघतो की! मंडळी, आपल्या भाषेत 'बघतो' म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगावं का? जपान्याची सीऽऽ बरी. तीत निदान आशा तरी राहत नाही. जयसिंगनं पुन्हा फोन केला तेव्हा अध्यक्ष बघतच होते, त्यानंतर केला तेव्हा फोन बघत होते पण उचलत नव्हते.

त्या जाणकार माणसानं विचारलं, इतकी वर्षं एका घरात राहताय, शेजारचं कुणी नाही का? जयसिंग काय सांगणार? आहे हो शेजारी. अख्ख्या जपानात एकच आहे.

घरी येऊन सारिकेला सांगितलं. आता खरी पंचाईत ऐका! जायचं तर आहे, पण काय घेऊन जायचं? सारिका म्हणाली, पुरणपोळ्या करते, चांगल्या तुपाच्या, आधी त्या पुढं ठेवू मग बोलू. जयसिंग म्हणाला, म्हणजे ती लाच झाली, म्हातारी म्हणेल काम पडलं तेव्हा पोळी आठवली. बरं, मग आधी पोळ्या देऊ आणि चार दिवसांनी मागायला जाऊ? तेवढ्यात उलट डबा आला तर! पुन्हा रिकामा द्यायचा, का भरून? भरून दिला तर मागायचं कधी? डोकं फिरायची वेळ आली दोघांची. शेवटी सारिका म्हणाली, 'काही नेऊ नका. चुकलंय आपलं, तसंच जाऊया. हाकलली तर हाकलली.'

आणि गेले दोघं. रिकाम्या हातांनी. मंडळी, करून बघा एकदा हे. ज्याचं काही घ्यायचंय, त्याच्या दारात काहीही न घेता उभं राहून बघा. हात कुठं ठेवायचे तेच कळत नाही. जयसिंगनं खिशात घातले, सारिकेनं बाहेर काढायला लावले.

आजींनी दार उघडलं. आत घेतलं, चहा ठेवला. बसल्या जागेवरनं जयसिंगला समोर दिसलं, भिंतीशी आजींच्या नवऱ्याचा फोटो, उदबत्ती, फुलं, आणि फोटोपुढे तो काळा डबा, सोनेरी बगळा वर. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मान खाली घालून म्हणाला, 'आजी, त्या दिवशी डबा रिकामा दिला. चुकलं माझं. अपमान करायचा नव्हता.'

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. आता ती बोलली जपानीत, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो. म्हणाली, 'चुकलं? अरे बाबा, मी तो ह्यांच्या फोटोपुढं ठेवलाय, नि ह्यांना सांगितलंय, सुटले एकदाची! इतकी वर्षं ह्या तुझ्या बायकोच्या धाकात काढली मी. गुडघे गेलेत माझे, उभं राहून शिजवायला होत नाही. ती डबा घेऊन आली की पहिलं मनात यायचं, आता ह्यात काय घालू. पोरगा म्हणायचा बंद कर. कशी करणार? परमुलखातली माणसं, त्यांना वाईट वाटायचं.'

सारिकेच्या तोंडावर हात. 'आजी, मी पण तेच,' एवढंच म्हणाली आणि हसायला लागली. आजी हसायला लागल्या. दोघींच्या डोळ्यांतनं पाणी, आणि जयसिंग मधे बसलेला, आपण हसायचं का नाही हे न कळून. अहो, दहा वर्षं दोन बायका भिंतीच्या दोन बाजूंना एकमेकींच्या भीतीनं स्वयंपाक करत होत्या!

मग आजी डोळे पुसत म्हणाल्या, 'पण खरं सांगू का? राग यायचा मला तुमचा. काही दिलं की लगेच फेडायचात. माझं काही म्हणून तुमच्याकडे राहू द्यायचा नाहीत. ज्याला गाव सोडायचं असतं ना, तो असा वागतो. सगळ्यांचं देऊन टाकतो, म्हणजे निघताना मागनं कुणी हाक मारायला नको. मला वाटायचं, ही राहायला आलेली माणसं नव्हेत. त्या दिवशी डबा हाताला हलका लागला, तेव्हा म्हटलं, चला, माझं काहीतरी ह्यांनी ठेवून घेतलं. आता राहतील ही.'

काय बोलली हो म्हातारी! दहा वर्षं ही दोघं सरकारला पटवून देत होती, की आम्ही इथं राहणार आहोत. आणि शेजारच्या बाईला डबा भरभरून पटवून देत होती, की आम्ही निघालोय. बरं, कुणाला वाईट वागवलं म्हणून नाही, चांगले वागत होते म्हणून!

मग जयसिंगनं विषय काढला. जामीन पाहिजे. आजींनी विचारलं, मी काय करायचं? त्यानं सांगितलं, तुम्ही मला ओळखता, मी नीट राहीन, एवढं लिहून द्यायचं. आजी म्हणाल्या, ते मी कुणालाही सांगेन, त्याला कागद कशाला हवा? पण सरकारला कागद हवा होता. आजींनी चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता, मग सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

सही झाली मात्र, आणि जयसिंगच्या तोंडातनं निघून गेलं! काय निघणार? तुमच्या-माझ्या तोंडातनं निघतं तेच. 'आजी, तुमचे हे उपकार मी कसे फेडू?'

आजींनी पेन पुन्हा हातात घेतलं. म्हणाल्या, 'फेडणार असशील तर सही खोडते.'

त्या वाक्याला तो आडदांड गडी रडला, मंडळी. नोकरी जाणार कळलं तेव्हा रडला नव्हता. खूप दिवस काहीतरी हातात घट्ट धरून उभं राहावं आणि कुणीतरी म्हणावं, ठेव रे खाली, तसं त्याला झालं.

अर्ज गेला. महिने गेले. कारखाना बंद व्हायच्या बेतात आला, सामान हलवायला लागले, तरी उत्तर नाही. जयसिंगनं जुन्या बॅगा माळ्यावरनं काढून पुसून ठेवल्या होत्या. आणि एके दिवशी बोलावणं आलं, हा गेला, आणि कार्ड घेऊन आला. कायमचं!

सारिकेनं कार्ड देवापुढे ठेवलं, नमस्कार केला आणि सवयीनं बेसनाचा डबा काढायला गेली. हात तिथंच थांबला. मग तिनं फडताळातनं एक रिकामी वाटी घेतली, शेजारी गेली, म्हणाली, आजी, वाटीभर साखर मिळेल का? घरात साखरेची पिशवी भरलेली होती, मी स्वतः बघितलीय. आजींनी वाटी शीग लावून भरली. मी गेलो तेव्हा या गोष्टीला बरेच दिवस झाले होते. मी विचारलं, साखर परत केलीस का गं? सारिका म्हणाली, 'नाही बुवा. आणि करणारबी नाही.'

आता बोला, सोपं काय? शेवंताकाकू, हात वर करा की आता! नाही करत.

माणसांचं सोडा, आपण देवाशी काय करतो? देवा, पोराला नोकरी लागू दे, नारळ फोडीन. लागली, फोडला, फिट्टंफाट! ज्यानं श्वास दिला, पाणी दिलं, ही बोलायला जीभ दिली, त्याला आपण एका नारळात मोकळं करतो. आणि खोबरं परत आपणच खातो! नवस फेडला म्हणतो आणि पुन्हा काम पडेपर्यंत या पायरीला आपले पाय लागत नाहीत. कशाला लागतील? देणं राहिलेलंच नाही.

आणि घरात? आपल्या दुखण्यात भावानं उशापायथ्याशी बसून दिवस काढले, बरे झालो की पहिलं मनात काय येतं? त्याचं काही ठेवायला नको. आई-बापांना एक खोली बांधून दिली, टीव्ही लावून दिला, आणि पाहुण्यांत सांगतो, मी त्यांना काही कमी केलं नाही. अरे, कमी केलं नाहीस ते चांगलंच केलंस. पण फिटलं असं ज्या दिवशी तुला वाटलं ना, त्या दिवशी तू त्या घरातनं निघालास. राहत असशील तिथंच, जेवत असशील त्याच ताटात, पण निघालास.

म्हणून सांगतो, आत्ता घरी जाताना कुणाचं तरी काहीतरी आठवा, जे तुम्ही कधीच परत करू शकणार नाही. आठवलं की घाबरू नका, लगेच काही घेऊन त्याच्या दारात धावू नका. नुसते जा. बसा. त्यांनी चहा ठेवला तर 'आत्ताच घेतला' म्हणू नका.

आता आरती होईल, मग प्रसाद येईल. द्रोण पुढं आला की 'थोडाच घाला' म्हणायचं नाही. दोन्ही हात पुढं करायचे आणि घालतील तेवढं घ्यायचं. या देवाचं आपल्याकडे इतकं राहिलंय, की आपल्याला इथनं कुणी काढू शकत नाही. म्हणा मंडळी, त्याचं नाव म्हणा!